राखणीचा मोबाईल

आमच्या मालकाचं नाव कुंडलिक. तोंडानं म्या ते कदी घेतलं न्हाई, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. लिवायला हरकत न्हाई म्हनून लिवते. गेल्या माघात गेले ते. रानातनं आले, उंबऱ्यात बसले, छातीत कळ आली म्हनाले, आन् दवाखान्यात पोचायच्या आधी गाडीतच गेले. त्याचं मला काय लिवायचं न्हाई. मला त्यांच्या आवाजाचं सांगायचंय, आन् नवा मोबाईल घ्यायचा का न्हाई त्याचं.

आवाज म्हनलं तरी त्यांना आवाज असा नव्हताच. धरण बांधलं त्या टायमाला गावात मीटिंगा व्हायच्या, सगळी एकमेकावर वरडायची, हे आपलं कोपऱ्यात बसून काडीनं माती उकरायचे. मला बोलवायचं तरी लांबनं हाक न्हाई. जवळ यायचे आन् म्हनायचे, "अगं." भात लावायला बाया यायच्या त्या इचारायच्या, "मंगल, तुजा नवरा मुका हाय का गं?" म्या म्हनायची, "म्हनून तर टिकलं."

आमचं गाव गुंजवणे. राजगडाच्या पायथ्याला खाचरं हायेत आमची. भात चिकात आलं, दाण्यात दूध भरलं की वरनं रानडुकरं उतरत्यात. खात्यात थोडं, लोळून नासत्यात जास्त. पयली लोकं रानात लाकडाचा माळा घालून त्यावर डबं वाजवत बसायची. आता कोन बसत न्हाई. मोबाईलमदी आपला वरडायचा आवाज भरायचा, त्याला भोंगा जोडायचा, दिवस कलला की बांधावरच्या काठीला अडकवायचा. तो एकटाच वरडत ऱ्हातो. गेनबांच्या रानात गेनबा वरडत्यात, बंडू भावजींच्या रानात कुत्री भुकत्यात. सांजच्याला आमच्या गावात मानसं घरात आन् आवाज रानात.

आमच्या ह्यांचा आवाज भरला त्याची गंमत झाली. आमचा इंद्रजित शिरवळला कंपनीत हाय, तो सुट्टीला आला व्हता. बापाला बांधावर हुबा केला आन् म्हनला, "बाबा, वरडा."

"काय वरडू?"

"डुकराला हाकला की."

"डुकार कुठाय हितं? समोर आल्याबिगर कसं हाकलू?"

इंद्रजितनं दोनदा चालू केलं, दोनदा बंद केलं. ह्यांच्या तोंडातनं नुसतं "हाड हाड" निघायचं, ते बी कोंबडीला म्हनावं तसं. म्या बाजूला हुबी. म्हनलं, "इंद्रजित, आन हिकडं तो मोबाईल. म्याच वरडते. ह्यांच्यानं डुकार काय, कोंबडी बी हलायची न्हाई."

ते लागलं त्यांना. आमच्याकडं पाठ केली, डोंगराकडं तोंड केलं आन् असं वरडले की झाडावरची बगळी उठली. हाऽऽ हुर्रर्र, चल नीघ, आन् म्होरं डुकराच्या आयबापाला अशी शिवी की इंद्रजित हसत बांधावर खालीच बसला. मग ह्यांना खोकला आला. खोकून झालं आन् आपल्या नेहमीच्या आवाजात म्हनले, "घसा गेला माजा. च्या टाक."

ते सगळं भरलं गेलं. इंद्रजित म्हनला शेवटचं काढून टाकतो, पन ऱ्हायलं ते. रोज सांजच्याला रान वरडायचं, शिवी द्यायचं, खोकायचं आन् च्या मागायचं. एकदा गडावनं उतरणारी पोरं आवाज ऐकून पळत आली. हे बांधावर तंबाखू मळत बसलेले. पोरं म्हनली, "काका, कोण ओरडतंय? काही झालंय का?" हे म्हनले, "मीच वरडतोय." पोरं ह्यांच्या मिटल्या तोंडाकडं बघत बसली.

पन एक अडचन व्हती. घरात मोबाईल तो एकच. दिवसभर ह्यांच्या खिशात, सांजपासनं रानात. आमची सोनिया किकवीला दिली. तिला सवड मिळायची सांजच्यालाच, आन् तवा आमचा मोबाईल डुकरं हाकलत असायचा. ती चिडायची, "आई, माझ्यापेक्षा डुकरांशी बाबांचं जास्त बोलणं होतं."

म्हनून गेल्या सालापासनं ह्यांच्या मनात नवा मोबाईल घ्यायचं व्हतं. लई भारीतला न्हाई, लई हलका बी न्हाई, मदला. भोरला बाजारला गेले की माऊलीच्या दुकानात जायचे. हातात घ्यायचे, उलटा करून बघायचे, कानाला लावायचे, ठेवायचे. माऊली त्यांना फोटो कसा निघतो ते दावायचा. ह्यांचं एकच, "आवाज कुठवर जातो?" घरी येऊन मला म्हनायचे, "घेऊ. सुगी झाल्यावर घेऊ." सुगी झाली, आन् म्होरल्या माघात असं झालं.

सोनियाला त्यानंतर मुलगी झाली. बाळतपण म्या केलं, मग ती किकवीला गेली. नात मला मोबाईलवरच दिसायची, ती बी अर्धी. काच फुटलेली, डाव्या अंगाला सगळं काळं. कदी एक डोळा दिसायचा, कदी नुसता कान.

यंदा भात चिकात आलं तवा म्या मोबाईल खाली नेला, काठीला अडकवला, चालू केला आन् मागं न बघता घरी आले. चूल पेटवत व्हते. घराखालच्या आंब्याच्या पलीकडनं आवाज आला. हाऽऽ हुर्रर्र. शिवी. खोकला. मग हळूच ते. पयल्यांदा म्या तशीच बसले. परत आलं. तिसऱ्यांदा आलं तवा म्या च्या टाकला. पिणार कोन, म्याच पिले.

मग रोजचंच झालं. दिवसभर मला त्यांचं नसनं कळायचं. सांजच्याला न्हाई कळायचं. सांजच्याला ते रानात असायचे.

थोड्या दिसांनी बंडू भावजी आले. मालकांचे धाकटे भाऊ, शेजारचीच खाचरं त्यांची. म्हनले, "वैनी, डुकरांनी दादाला वळखलं. वर दादा शिव्या देतोय आन् खाली ती निवांत खात्यात. आवाज बदला. माजी कुत्री घ्या."

डुकराचं तसंच असतंय. तोच आवाज ऐकला की सरावतंय. सगळीच लोकं आवाज बदलत्यात. म्या म्हनलं, बघू.

"बघू काय? खालचं खाचार बसलं सगळं."

"बसू द्या."

भावजी माज्याकडं बघत ऱ्हायले, मग आपल्या रानाकडं गेले.

त्यांनी इंद्रजितला सांगितलंच. तो रविवारी गाडी घेऊन आला. "चल भोरला. नवीन घेऊ. हा जुना दिला की नव्यात तेवढं कमी करत्यात. राखणीला दुसरं कायतरी लावू. तुला बाळ तरी आख्खं दिसंल."

म्या इचारलं, "आन् आवाज?"

"आवाज नव्यात घेता येतो, आई. कुठं जात न्हाई."

मग म्या निघाले. जात न्हाई म्हनला तर काय.

माऊलीनं वळखलं. "काकू, काका हाच हातात घ्यायचे," म्हनून निळसर मोबाईल दिला. गुळगुळीत व्हता. इंद्रजितनं बाळाचा फोटो त्यात मागवला. दोन डोळं, जावळ, हनवटीवर त्यांच्यागत खळी. ती खळी हितं व्हती तवा उमटली नव्हती, आन् फुटक्या काचेत मला दिसलीच नव्हती. म्या म्हनलं, घे. ह्यो घे.

मग माऊलीनं आवाज नव्यात घेतला आन् आला का बघाया लावला. लई साफ. शिवीच्या आधी त्यांनी श्वास घेतला तो सुदिक ऐकू आला. च्या टाक म्हनले ते तर माज्या कानात म्हनल्यागत. दुकानातली दोघं तिघं वळून हसली. म्या म्हनलं, बंद कर.

इंद्रजित म्हनला, "का गं? आता कवाबी ऐक. पायजे तर रिंगटोन लावून देतो."

"वसाड्या, तुजा फोन आला की बाप डुकरं हाकलंल व्हय?"

हसले म्या खरं, पन पटलं न्हाई. लग्न झाल्यापासनं ते आवाज चढवून बोलले ते एकदाच, ते बी रानात, डोंगराकडं तोंड करून. तो आवाज हातात धरून ऐकायचा न्हाईच. हातात तो मोबाईल वाटतो. आंब्याच्या पलीकडनं आला तर ते वाटत्यात.

माऊलीनं जुन्याला हात लावला, पुसून बाजूला ठेवाया लागला. म्या तो उचलला, पिशवीत टाकला.

"आई, अगं ते डबडं घरात ठेवून काय करायचंय?"

"घरात कोन ठेवतंय?"

इंद्रजित माऊलीकडं बघून म्हनला, "राहू दे. नव्याचंच बिल करा फक्त."

दुसऱ्या दिशी सांजच्याला सोनियाचा फोन आला. जुना रानात काठीला, आन् राखणीच्या दिसांत पयल्यांदाच त्या टायमाला मोबाईल घरात. बाळ आख्खं दिसलं, मूठ चोखत व्हतं. आमी बोलत व्हतो, तेवढ्यात रानातनं चालू झालं. सोनिया बोलता बोलता थांबली.

"आई, बाबा का गं?"

"व्हय."

मग म्हनली, "मोबाईल दारात धर."

म्या दारात जाऊन हात लांब करून धरला. खोकला झाला, च्या मागून झाला, परत पयल्यापासनं लागलं. माजा हात भरून आला तरी तिनं ठेव म्हनलं न्हाई.

आता भात कापून झालंय. खालच्या खाचरात डुकरांनी ठेवलं तेवढं आलं, वरचं बरं आलं. झोडून घरात आलंय. रानात नुसती धसकटं.

परवा सांजच्याला म्या मोबाईल घेऊन खाली गेले आन् काठीला अडकवला. बंडू भावजी गुरं घेऊन येत व्हते. थांबले. "वैनी, भात घरात गेलं. आता कुनाला हाकलताय?"

म्या मोबाईल चालू केला. त्यांनी काठी हलते का बघितली, भोंग्याची दोरी जरा आवळली, आन् गुरांमागं गेले.