मशीनमध्ये मोहफुलं

परवा मंगळवारी आलापल्लीजवळच्या एका गावात भर सभेत माझी अशी फजिती झाली की विचारू नका. आणि त्याचं मूळ होतं आमच्या वॉशिंग मशीनमध्ये... म्हणजे खरं तर माझ्या शहाणपणात.

मी वनरक्षक. दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा मशीन घेतली आणि आई आल्यापासून तिचा जीव नकोसा करून सोडला. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, चेन लावून टाक, शर्ट उलटा कर, ठासून भरू नको... बिचारी गोंडपिपरीहून माझ्याकडे चार दिवस आराम करायला आली, आणि मी तिची रोज शाळा घेत होते.

तर सोमवारी दुपारी जंगलात फिरताना धूर दिसला. धावत गेले. त्या गावातली सत्तरीची मैनाबाई मोहाच्या झाडाखालचा वाळका पाला पेटवून शांतपणे बसलेली! पाला जळला की जमीन साफ होते आणि पहाटे पडलेली फुलं वेचायला सोपी जातात. इकडे पिढ्यान् पिढ्या असंच चालतं, आणि तीच आग मग अख्ख्या जंगलात पसरते.

आम्ही दोघींनी फांद्यांनी झोडपून आग विझवली. मग मी तोंड सोडलं. जे सुचेल ते बोलले. मैनाबाईने सगळं ऐकून घेतलं, टोपलीतली वाळलेली फुलं ओंजळीत घेतली आणि माझ्या शर्टाचे दोन्ही खिसे गच्च भरले.

"सकाळपासून उपाशी दिसून राह्यली माय तू. घरी जाऊन भाजून खाजो."

मी तणतणत खिशांची बटणं लावली आणि निघाले. थँक यूसुद्धा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच गावात आगीबद्दल सभा होती, आमचे वनखात्याचे साहेब येणार होते. आधीच्या दोन सभांना गावाने छान माना डोलावल्या होत्या आणि सकाळी उठून पाला पेटवला होता. ह्या वेळी गाव ऐकलं नाही, तर मे संपेपर्यंत मी एकटी आगीमागे पळणार हे नक्की. आणि युनिफॉर्म काळाकुट्ट. दुसरा टेलरकडे.

घरी येऊन शर्ट मशीनमध्ये टाकला. आई म्हणाली, "खिसे पाह्यले काय वं?" मी म्हटलं, "आई, मला शिकवू नको." ती पुन्हा म्हणाली. मी कोमट पाणी सोडलं, पावडर टाकली, बटण फिरवलं... आणि लाईट गेली. ती आली थेट सकाळी सहाला. तोपर्यंत शर्ट त्या पाण्यात मस्त मुरला.

पाणी तांबूस झालेलं. मला वाटलं, जंगलाची धूळ. वास? अहो, एप्रिलमध्ये आमचं अख्खं गावच मोहाच्या वासाचं असतं, नाकाला काय कळणार! इस्त्री करताना खिशाशी जरा जाड लागलं, तर वाटलं घडी पडली असेल. वरून दाबून कडक इस्त्री मारली. दोन्ही खिशांवर!

सभा सुरू झाली. ऊन तापलं, मला घाम फुटला आणि शर्ट बोलायला लागला. मी आगीबद्दल सांगतेय आणि मागची माणसं एकमेकांना कोपरं मारतायत. साहेबांनी दोनदा नाकाला रुमाल लावला, मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, तब्येत ठीक आहे ना?"

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. आणि मी सरकारी गणवेशात, सकाळी अकराला, मोहाच्या दारूसारखी घमघमत उभी! डोळ्यांत पाणी आलं. नोकरी राहिली बाजूला, ह्या गावात पुन्हा तोंड कसं दाखवू असं झालं.

तेवढ्यात मैनाबाई उठली. माझ्यासमोर आली, खिशाचं बटण काढलं, दोन बोटं आत घातली... आणि पापडासारखी चपटी, तपकिरी वडी बाहेर काढली.

"अवं माय! पोरीनं फुलं साबणानं धुतली नं! वरून इस्त्री बी केली!"

अख्खी सभा खो खो हसत सुटली. साहेब रुमालात तोंड खुपसून हसत होते. मीही हसत-रडत सगळं सांगून टाकलं... आई दोनदा म्हणाली होती, खिसे बघ, मी ऐकलं नाही.

मैनाबाई म्हणाली, "मायचं आयकाव. मी बी काल तुयं आयकलं नाई." मग ती वडी माझ्या हातावर ठेवून, "असं कर. तू कपडे टाकाच्या पहिले खिसे रिकामे करत जाय. आमी फुलं पडाच्या पहिले पाला झाडून बाजूले करतो. पेटवत नाई."

मागे वळून तिने नुसतं विचारलं, "हो का नाई रे?" मघाशी कोपरं मारणारे सगळे "हो, हो" म्हणाले. दोन सभा घसा कोरडा करून जे जमलं नाही, ते एका धुतलेल्या शर्टाने झालं.

घरी आईला सांगितलं. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "आता उद्यापासून शाळा मी घेतो वं!"

आज मैनाबाईच्या झाडाखालून गेले. पाला एका बाजूला नीट झाडून लावलेला, नवी राख कुठेच नाही. मला बघताच तिने ओंजळ भरली... मी पटकन खिसे धरले आणि जेवणाचा डबा पुढे केला.

संध्याकाळी आईने ती फुलं तव्यावर भाजली. फार गोड लागली. ओरडणाऱ्या माणसाचे खिसे फुलांनी भरणारी माणसं आहेत इथे... आणि त्यांच्यावर ओरडण्याचा पगार मी घेते. मैनाबाई, सोमवारचं राहिलेलं थँक यू आज इथे म्हणते.