माणिकरावांना हवी असलेली दाद

नवी कविता झाली की माणिकराव आधी चुलीपाशी जाऊन बसत. त्यांची बायको, सरूकाकू, भाकरी थापत असायच्या. ते गळा साफ करून अख्खी कविता म्हणत आणि काकूंच्या तोंडाकडे बघत राहत. काकू भाकरी उलटून म्हणत, "मीठ संपलंय." मग मीठ आणायला निघालेले माणिकराव वाटेत माझ्या ओट्यावर टेकत आणि तीच कविता मला ऐकवत. मी 'वाहवा' म्हणालो की त्यांचा चेहरा पडे. "तुमची वाहवा लई स्वस्त हाय, मास्तर."

राज्य निजामाचं. केजच्या कचेरीत उर्दू कागदांच्या नकला करण्यात त्यांचा जन्म गेला. कविता मात्र मराठीत. "उर्दूत लिवलं तर सायबाला कळंल," हे त्यांचं कारण. दुःखाची गोष्ट ते हवापाणी सांगावं तशी सांगत, आणि लोक हसले की दचकत. म्हातारपणी त्यांचा नवा संग्रह सोलापुरात, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात, छापून बैलगाडीनं आला. ज्वारीच्या पोत्यांखाली दबून पुस्तकं वाकडी झाली होती. "ज्वारी वर, कविता खाली. बराबर हाय," ते म्हणाले.

पहिली प्रत घेऊन ते चुलीपाशी गेले. मी दारात उभा होतो. त्यांनी वाचलं,

एक इच्छा उरली असती, तर कावळा शिवला असता;
सगळ्याच उरल्या, बिचारा सुरुवात कुठून करता?

"कशी हाय?"

काकूंनी पान चाचपून पाहिलं. "कागद चांगला हाय."

माणिकराव बाहेर आले. "उमर गेली, मास्तर. एक डाव चांगलं म्हनली असती, तर सुखानं मेलो असतो." मला त्यांची कीव आली, आणि काकूंचा रागच आला.

पुढल्या उन्हाळ्यात ते गेले. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं, म्हणून आम्ही एकेक वचन द्यायला लागलो. पुतण्यानं काकूंना सांभाळायचं कबूल केलं. मी उरलेल्या कविता छापायचं कबूल केलं. बाभळीवरचा कावळा ढिम्म. ऊन चढलं. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करायला बसले.

तेव्हा सरूकाकू पुढं झाल्या. पदर सावरून पिंडाला म्हणाल्या, "लई ग्वाड लिवायचे तुमी. आता जेवून घ्या."

कावळा उतरला. भटजींनी दर्भ ठेवून दिला.

परतताना मला राहवलं नाही. "काकू, हे त्यांच्या हयातीत का नाही म्हणालात?"

"म्हनलं असतं तर त्यांचं लिवनं थांबलं असतं, मास्तर." काकूंनी वाकून पायातला बाभळीचा काटा काढला. "मग चुलीपाशी माज्याजवळ कोन बसलं असतं?"