चतुराबाईने वाचवलेली टेकडी

चतुराबाई भालकीकडची कुणब्याची लेक. लग्न होऊन हैदराबादला आली आणि मराठीत तेलुगू, तेलुगूत दखनी कालवून तिने अशी काही भाषा शिजवली की तिन्ही भाषांची माणसं तिला आपली समजत, आणि वचकूनही असत.

शहराच्या कडेला तिची वस्ती, मागे टेकडी. टेकडीवरचं काहीबाही ती चिक्कडपल्लीच्या बाजारात विकायची. पावसाळ्यात रानभाज्या, दिवाळीआधी सीताफळं, एरवी केरसुण्यांचं गवत. पण तिचे खरे दिवस बतुकम्माच्या सणाचे. भाद्रपदाच्या अमावास्येपासून नऊ दिवस बायका फुलांचे थर रचतात, आणि त्यात तरवडाची, तेलुगूत तंगेडुची, पिवळी आणि कुर्डूची गुलाबी फुलं हवीतच. झेंडू काय, ट्रक भरून येतो. तरवड-कुर्डू कोणी शेतात लावत नाही, रानातूनच खुडावं लागतं. म्हणून फुटपाथवर एक अलिखित कायदा होता. देवळासमोरची पिंपळाखालची जागा रानफूलवालीची. झेंडूवाल्यांनी पलीकडे गटाराशी बसायचं. आणि बतुकम्मात जी जागा जिची, ती वर्षभर तिचीच. ही जागा चतुराबाईला सासूकडून मिळाली होती. सासूकडून दुसरं काही मिळालंच नव्हतं, त्यामुळे ही जागा ती जिवापाड जपायची.

टेकडीचा माथा राखीव जंगल, खालचा उतार सरकारी पडीक. दोन वर्षांमागे उतारावर कोणीतरी प्लॉटचे झेंडे रोवले. चतुराबाईने बायका गोळा केल्या, झेंडे उपटले आणि त्यांच्या काठ्या चुलीत घातल्या. मग सकाळी फिरायला येणारी शहरी मंडळी फलक घेऊन आली. त्यांच्याही पुढे ही बसली. पेपरात फोटो छापून आला, त्यात तिचा अर्धा चेहरा फलकाने झाकलेला.

"बरं झालं," तिचा नवरा हिम्मतराव खाटेवरून म्हणाला. "अर्ध्यालाच प्लॉटवाले पळाले. पूर्ण दिसली असतीस तर सरकार पळालं असतं."

सरकार पळालं नाही. उतारही संरक्षित जंगलात घेतला आणि हद्द थेट वस्तीच्या भिंतीला आणून भिडवली. चतुराबाईने साखर वाटली, कुंपणाच्या पहिल्या खांबाला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. त्या आनंदात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. ती कुंपणाच्या बाहेर उभी होती.

आधी सीताफळं गेली, मग गवत गेलं. सरपणही गेलं, तसा स्वयंपाक गॅसवर आला आणि सिलिंडर पुरवायचा म्हणून हिम्मतरावांचा दुपारचा चहा बंद झाला. तरी ती म्हणायची, बतुकम्माला देतील सोडून. देवाचं काम आहे.

अमावास्येच्या सकाळी ती पोती घेऊन गेटवर गेली. तिथे प्रज्ञेश होता, नांदेडकडचा, कंत्राटी चौकीदार. त्याची आई हिच्याच गल्लीत राहायची.

"उघड रे लेकरा. दोन पोती खुडते नि जाते."

"मावशी, तिकीट काढून फिरायला या. फुलाला हात नक्को."

"फिरायला? मला काय शुगर झालीय?"

"वर कॅमेरा आहे. माझं कंत्राट जाईल."

"हे जंगल वाचवलं कोणी?"

"तुम्ही, मावशी."

"मग?"

"मग काय सांगू," असं म्हणून त्याने मान खाली घातली. तो उर्मटपणे बोलला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

त्या दिवशी ती विकतचा झेंडू घेऊन पिंपळाखाली बसली. जुनं गिऱ्हाईक सत्यवतीअम्मा आल्या, टोपलीत डोकावल्या. "चतुरम्मा, तंगेडु कुठाय?"

"यंदा रुसलंय अम्मा."

अम्मा हसल्या आणि पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी लांबच्या खेड्यातून एक बाई टेम्पो भरून तरवड घेऊन आली. बाजाराने चतुराबाईकडे पाहिलं.

"अक्का, कायदा तुझाच," झेंडूवाला हळूच म्हणाला. खरंच होतं. त्याला दोनदा तिनेच याच कायद्याने हुसकलं होतं. तिने टोपली उचलली. गटाराशी कोणी सरकून जागा दिली नाही, आणि तिने मागितलीही नाही.

संध्याकाळी प्रज्ञेश घरी आला. फिरायच्या वाटेवर रान माजलंय, साहेबांना रोजंदारीवर बायका हव्यात, म्हणाला.

"जा की," हिम्मतराव म्हणाले. "चहा तरी सुरू होईल."

सकाळी ती विळा घेऊन आत गेली, बिनतिकिटाची. वाटेच्या दोन्ही कडांना कुर्डू कमरेएवढं वाढलं होतं, तुऱ्यांनी लगडलेलं. तेच काढायचं होतं. चालणाऱ्यांच्या पँटला तुऱ्यांचा भुसा लागतो, अशी तक्रार होती.

तिने कापलं, जुड्या बांधल्या. हाताला दुसरी सवय नव्हती.

"बांधू नका मावशी. हद्दीबाहेर काडी न्यायची नाही. तिकडं खड्ड्यात टाकायचं."

"घरच्या बतुकम्मापुरती एक जुडी, लेकरा?"

प्रज्ञेशने खांबावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

चतुराबाईने जुड्या सोडल्या आणि एकेक करून खड्ड्यात टाकल्या. दुपारपर्यंत खड्डा भरला. मग तिने वरून माती ओढली आणि पुढच्या वळणावरचं कुर्डू कापायला गेली.