आत्याची पिशवी आणि आमची देखरेख

आत्या आली की दारातून आधी तिची पिशवी आत यायची आणि मग आत्या. कापडी पिशवी, बंद घासून पांढरे पडलेले, आणि आत काय निघेल याचा नेम नाही. मला केसांच्या क्लिपा, माझ्या भावाला, निखिलला, चेंडू, आईला अळूची कोवळी पानं, बाबांना खारे शेंगदाणे. एकदा तर तिने आमच्या वॉचमनसाठी कानटोपी आणली होती, कारण मागच्या खेपेला तो तिला शिंकताना दिसला होता. आई म्हणाली, "कशाला गं दर वेळी?" तर म्हणे, "रिकाम्या हाताने यायला मी काय विजेचा मीटर बघायला आलेय?"

ती बाबांची धाकटी बहीण, नाव शुभा. लग्न केलं नव्हतं. अंधेरीला एका एक्स्पोर्टच्या ऑफिसात नोकरी, मुलुंडला स्वतःची वन रूम किचन. आम्ही कांदिवलीला. आत्याकडे भरपूर पैसे आहेत अशी आम्हा मुलांची पक्की समजूत होती. तिचीही बहुधा तीच असावी.

ती दुसऱ्यांवरच खर्च करायची म्हणून मी तिला संत ठरवणार नाही. तिला देणारी व्हायला आवडायचं. समोरच्याचा चेहरा खुलला की तिला नशा चढायची. त्या भरात ऑफिसातल्या मुलीला साखरपुड्याची साडी, शेजारणीच्या मुलाला सायकल, सगळं क्रेडिट कार्डावर. मग एक कार्ड भरायला दुसरं, दुसऱ्यासाठी मोबाइलवरचं झटपट कर्ज. शेवटी वसुलीवाल्यांनी थेट बाबांच्या ऑफिसात फोन करून त्यांच्या साहेबासमोर तमाशा केला, तेव्हा आम्हाला कळलं. तोवर आम्ही मुलं मोठी झालो होतो, निखिलचं लग्नही झालं होतं. बाबांनी तिला विचारलं, "कार्डं किती?" ती म्हणाली, "दोन." निघाली पाच. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. त्यांचा राग खोटा नव्हता, हेही इथे सांगायला हवं.

घाटकोपरला एक कर्ज समुपदेशन केंद्र होतं. त्यांनी सगळ्या बँकांशी बोलून एकच मासिक हप्ता बांधून दिला, पाच वर्षांसाठी. पगार झाला की आधी हप्ता, उरलेल्यात घरखर्च. कार्ड नाही, नवं कर्ज नाही आणि खर्चावर घरातल्या एका जबाबदार माणसाची देखरेख. त्या कागदावर बाबांनी सही केली. मीही सोबत गेले होते. तिथल्या बाई बाबांना म्हणाल्या, "महिन्यातून एकदा दोघं बसा, खर्च बघा. पण थोडे पैसे त्यांच्या मनासारखे खर्चायला मोकळे सोडा आणि त्याबद्दल विचारू नका. नाहीतर माणूस टिकत नाही यात." बाबांनी मान डोलावली. पुढे जे झालं त्यावरून वाटतं, त्यांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं असावं.

घरी येताच त्यांनी मोबाइलवर एक ग्रुप काढला. नाव 'शुभा हप्ता'. त्यात बाबा, आई, बोरिवलीचा काका, निखिल, मी आणि खुद्द आत्या. पाचशेच्या वरचा खर्च आधी विचारायचा, खालचा नंतर कळवायचा. झालं, पन्नाशी ओलांडलेली, ऑफिसात चार माणसं हाताखाली असलेली बाई रोज संध्याकाळी आम्हाला कळवू लागली. 'दूध, पाव.' 'चपलेचा अंगठा शिवून घेतला.' 'ऑफिसात सगळ्यांनी मिळून भेळ मागवली, माझे साठ.' त्यावर काका बोरिवलीहून लिहायचा, 'ताई, भेळ गरजेची होती का?' हा काका दरवर्षी नवा मोबाइल घेतो. एकदा तिचा नुसता 'तीस' असा मेसेज आला. बाबांनी विचारलं, 'कसले?' रात्री उत्तर आलं, 'गजरा.'

सगळ्यात आधी कात्री लागली ती भेटवस्तूंना. बाबांना ते अगदी साधं, सोपं वाटलं. खाणं कमी करायचं नाही, औषध बंद करायचं नाही, मग कमी करायचं काय? "काही वर्षं कुणाला काही दिलं नाहीस तर कुणाचं अडणार आहे?" ते म्हणाले. आत्याने वाद घातला नाही. पुढच्या रविवारी ती आली ती पिशवीत कढीपत्ता घेऊन. तिच्या बिल्डिंगच्या आवारात झाड होतं. "फुकटचाय रे दादा, बघ, बिल नाही," असं म्हणून तिने बाबांच्या नाकासमोर डहाळी हलवली आणि आम्ही सगळे हसलो.

कढीपत्त्यावर तिचं किती दिवस भागणार? मग पिशवीतून वेगळ्याच गोष्टी यायला लागल्या. आईला काचेची बरणी, मला एक जुनी, पण सुंदर नारायणपेठी साडी, निखिलच्या बायकोला पितळी डबा. आईला शंका यायच्या आत बाबाच एकदा काही कामाने मुलुंडला जाऊन आले. आत्याच्या स्वयंपाकघरात मांडणी अर्धी रिकामी. त्यांना चहा दिला तो स्टीलच्या भांड्यात, कारण कप कुणाला तरी देऊन टाकले होते. मिक्सर धुणंभांडीवाल्या बाईंच्या मुलीच्या लग्नात गेला होता. बाबा घरी आले ते तणतणतच. "घर वाटायला काढलंय हिने! उद्या मिक्सर घ्यायला पैसे मागेल!" त्या रात्री ग्रुपवर नवा नियम आला, की घरातली वस्तूही विचारल्याशिवाय कुणाला द्यायची नाही. आत्याने उत्तर लिहिलं, 'बरं.'

त्यानंतर तिचं आमच्याकडे येणंच कमी झालं. कधी ऑफिसात ऑडिट, कधी पाय दुखतोय. बाबा म्हणत, "रिक्षाचे पैसे वाचवत असेल, चांगलंय की." मला खरं कारण दिसत होतं. पिशवीशिवाय दारात उभं राहणं तिला जमत नव्हतं.

मग निखिलला मुलगा झाला. बारशाच्या आदल्या आठवड्यात आत्याचा ग्रुपवर मेसेज आला, 'दादा, बाळासाठी चांदीची वाटी घेऊ का? अगदी छोटी. हप्ता भरलाय. डबा घरून नेऊन वाचवलेत पैसे.' काकाचं उत्तर ताबडतोब, 'ताई, आशीर्वाद पुरे.' बाबांनी फोनच लावला, स्पीकरवर.

"शुभे, चांदीचा भाव बघितलास का? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"छोटीच घेणार आहे रे. माझ्याच पैशाने."

"तुझे पैसे आत्ता तुझे नाहीत. एक काम कर. वाटी मी आणतो, बारशात तुझ्या नावाने देऊ. कुणाला कळायचं पण नाही."



"मला कळेल ना, दादा."

"अगं, तुझा मान राहावा म्हणून म्हणतोय मी!"

"माझ्या नावाने तू देणार, तर मी येऊन काय करू? जेवून जाऊ?"

बारशाला ती आली नाही. 'अंगात कणकण आहे,' एवढाच मेसेज. बाबांनी मात्र ठरल्याप्रमाणे वाटी आणली आणि पाळण्याशी उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ही आत्याआजीकडून!" बायका म्हणाल्या, "वा!" मला त्या क्षणी बाबांची भयंकर चीड आली. त्यांना स्वयंपाकघरात गाठून मी म्हणाले, "घाटकोपरच्या बाई म्हणाल्या होत्या ना, थोडे पैसे तिच्या मनासारखे खर्चू द्या?" बाबा पाणी पीत होते. पेला खाली ठेवून म्हणाले, "तिच्या मनासारखं करूनच पाच कार्डं झाली. फोन माझ्या साहेबाला आला होता, तुझ्या नाही." हे खरंच होतं. पण चीड गेली नाही.

पुढची वर्षं आत्या अगदी शहाण्यासारखी वागली. दूध, पाव, वीजबिल. गजरा पुन्हा कधी दिसला नाही. सणावारी फोन करायची, चौकशी करायची, यायची नाही. बाबा पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "शुभा सुधारली बरं का. शिस्त लावली की माणूस सुधारतो." शेवटचा हप्ता ठरल्या दिवशी फिटला. बाबा पेढे घेऊन मुलुंडला गेले, तिच्यासमोर ग्रुप बंद केला आणि म्हणाले, "आता तू मोकळी." त्यांचे डोळे भरून आले होते, असं आईने सांगितलं. बहिणीला आपण बुडताना वाचवलं, असंच त्यांना वाटत होतं, आणि पैशांपुरतं ते खरंही होतं.

महिनाभराने ती आमच्याकडे आली. बेल वाजली, दार उघडलं, तर आधी आत्याच आत आली. पिशवी नव्हती. खांद्याला लहानशी पर्स, बास. निखिलच्या मुलाने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खेळायला लागला. आत्याआजी काही आणते, हे त्याला माहीतच नव्हतं. बाबांनी थट्टा केली, "काय गं, आता तर कुणाला विचारायचं नाही, तरी काही आणलं नाहीस?"

"कुणाला विचारायचं नाही, माझ्याच मनावर आहे ना, म्हणूनच नाही आणलं," ती म्हणाली आणि आईला म्हणाली, "वहिनी, चहा टाक गं." तिने चहा घेतला, हसली, बोलली आणि गेली. बाबा म्हणाले, "बघ, सवय मोडली." आईने कपबशा उचलून आत नेल्या.

मलाही वाटलं, मोडली. गेल्या महिन्यात मी मुलुंडला तिच्याकडे गेले तोपर्यंत तसंच वाटत होतं. दारामागे खुंटीला तीच कापडी पिशवी होती, आणि चांगली भरलेली. बघून माझा जीव भांड्यात पडला. आम्ही बोलत बसलो होतो तेवढ्यात जिना झाडणाऱ्या बाई दाराशी आल्या. आत्या लगबगीने उठली, पिशवीतून ड्रेसचं कापड काढलं. "पोरीला नोकरी लागली ना तुझ्या? पहिल्या दिवशी नवीन घालू दे." "कशाला ताई एवढं!" म्हणता म्हणता बाईंचा चेहरा असा खुलला, आणि आत्याचाही. लहानपणी पाहिलेला तिचा तो चेहरा मला कितीतरी वर्षांनी दिसला. पाठोपाठ खालच्या मजल्यावरच्या आजींसाठी खजुराचा पुडा त्याच बाईंच्या हाती गेला.

मी निघाले. दाराशी चपला घालताना जुन्या सवयीने जरा रेंगाळले. तिच्याकडून निघताना हातात काही ना काही कोंबलं जायचंच, "राहू दे गं" म्हणायचं मी तोंडात तयारही ठेवलं होतं. एका चपलेचा पट्टा मी उगाच दोनदा लावला.

"काही राहिलं का गं?" आत्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"मग नीघ, उशीर होईल. पोचलीस की कळव," असं म्हणून तिने दार लावून घेतलं.