निळ्या कॅसेटमधला ठेका

शालिकराम धापोडकर हा माणूस नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानात जन्मभर साड्यांच्या घड्या घालत आला, आणि त्याला वेड कशाचं, तर जॅझ फ्यूजनचं. तेही एकाच अल्बमचं. सॅक्सोफोन, गिटार आणि तबला त्यात गुण्यागोविंदाने नांदत. दुसरं काही ऐकवलं की हा तोंड फिरवायचा. इतका हट्टी श्रोता मी पाहिला नाही, आणि त्याच्या नादाने आम्हीही बिघडलो.

मूळ कॅसेट दुकानमालकाच्या मुलाची. एका दिवसाच्या बोलीवर मागून आणलेली. शालिकरामने गोळीबार चौकाजवळच्या आपल्या घरी दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून ती एका कोऱ्या, निळ्या कॅसेटवर उतरवून घेतली. तेव्हापासून दर रविवारी त्याच्या बाहेरच्या खोलीत आमची बैठक बसू लागली. मी बँकेतला कारकून, संघपाल लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारा. शालिकरामची बायको मैनाबाई आतून चहा पाठवायची. ऐकताना बोलायचं नाही, असा नियम होता. सूट फक्त तिसऱ्या गाण्याला, कारण त्यात मागून एक कोरडा ठेका यायचा. आधी भरकटलेला, मग हळूहळू सुरांना येऊन मिळणारा. "वाह! हा ड्रमवाला माणूस नाही गा," म्हणत संघपाल मांडीवर थाप मारायचा. तो ठेका बसवायचा त्याने वर्षानुवर्षं प्रयत्न केला. जमला नाही.

गेल्या वर्षी मैनाबाई गेली. काही दिवसांनी कॅसेटची पट्टीही तुटली आणि शालिकराम गप्पच झाला. जेवण नावाला, दार लोटलेलं, रविवार बंद. हा माणूस आपल्या हातून जातो की काय, अशी मला खरोखर भीती वाटू लागली. त्याची नात मयुरी मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. तिने तो अल्बम इंटरनेटवर शोधला, चांगला स्पीकर आणला आणि आम्हाला बोलावून घेतलं.

आवाज इतका स्वच्छ, की शालिकराम उठून बसला. मला वाटलं, जिंकलं! मग तिसरं गाणं आलं. संघपालने थाप मारायला हात उचलला आणि तो तसाच वर राहिला.

"ड्रमवाला कुठं गेला गा?"

मयुरीने पुन्हा लावलं. ठेका नव्हता. "आबा, मूळ रेकॉर्डिंगमध्ये तो नाहीच," ती हळूच म्हणाली.

"काहून नाही? आम्ही काय बहिरे आहो?" शालिकराम भडकला. तिला ऐकवायला म्हणून त्याने गुडघ्यावर तो ठेका धरला, आणि मध्येच त्याचा हात थांबला.

"माग आहे हा," तो म्हणाला. "मैनाचा माग."

कॅसेट उतरवली त्या दिवशी, तिसऱ्या गाण्याच्या वेळी, मैनाबाई आतल्या खोलीत साडी विणत होती. तेव्हा कोष्ट्यांच्या त्या गल्लीत घरोघरी हातमाग होते. त्या खटखटीला कोणी आवाज समजतच नसे. घरातल्या पंख्याचा आवाज कोणाला ऐकू येतो? टेपरेकॉर्डरने मात्र ती टिपली. पुढे माग विकले गेले, गल्ली शांत झाली, आणि कॅसेटमध्ये उरलेली खटखट आम्ही शहाण्यांनी कुठल्याशा परदेशी वादकाच्या नावावर जमा केली.

संघपालला अजून पटत नव्हतं. "पण भाऊ, माग असा तालात चालते का?"

शालिकरामने स्पीकरवरची नजर आतल्या खोलीकडे वळवली. त्याचे डोळे भरून आले होते.

"ऐकून राहिली होती ना ती," तो म्हणाला. "आतून. ऐकता ऐकता हात लागला तिचा तालात."

"म्हणजे आपण इतकी वर्षं वहिनीलेच वाह वाह करून राहिलो होतो!" संघपाल म्हणाला.

"अन् मी तिले एकदाही म्हटलं नाही," शालिकराम म्हणाला, "ये वं, तूही बस म्हणून." आणि तो म्हातारा आमच्यादेखत हुंदके देऊन रडू लागला.