किरकोळ नव्हे

मिरज स्टेशनवर बाबांनी माझी बॅग डब्यात चढवली आणि म्हणाले, "निघा, शुभांगीबाई." घरात मी शुभू. हट्ट केला की शुभडी, आईला भरून आलं की शुभुटली. 'शुभांगीबाई' फक्त बाबांना राग आला की. मी नोकरीसाठी सिंगापूरला निघाले होते, आणि मला रशियन शिकायला पुण्याला पाठवलं हेच चुकलं, असं त्यांचं ठाम मत होतं. "सिंगापुरात रशियन कोणाशी बोलणार? समुद्राशी?" हे आठवडाभर ऐकवून झालं होतं. गाडी हलली तेव्हा मी रडले नाही. मलाही राग येतो, आणि तो त्यांच्याकडूनच आलाय.

बाबा, समुद्राशी नाही, पण समुद्रावरच्या माणसांशी बोलते. इथे क्लेमेंटी भागात एका फ्लॅटमधली खोली भाड्यानं घेतलीय आणि बोटींवरच्या लोकांचे जबाब इंग्रजीत करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात काम करते. इथे राहायचा सरकारी पास नोकरीवर टांगलेला. नोकरी गेली की बॅग भरायची, एवढा साधा हिशेब.

रशियन माणूस शब्दाला शेपूट जोडून सगळं मन सांगतो, हे पुस्तकात शिकले होते. अंगावर आलं ते इथे. शेजारच्या टेबलावरच्या स्वेतलानाला पहिल्याच आठवड्यात मी 'स्वेत्का' अशी हाक मारली. आपण मैत्रिणीला 'सुमे' म्हणतो, त्याच मायेनं. ती दोन दिवस बोलली नाही. अशी हाक जुन्या मैत्रिणीनं मारावी. अनोळखी बाईनं मारली तर तो उद्धटपणा. वर्षभरानं तिनंच सांगितलं, आता म्हण. तो दिवस मला पास मिळालेल्या दिवसापेक्षा मोठा वाटतो.

मग निकोलाय आला. छप्पन्न वर्षांचा फिटर, तुआसच्या गोदीत दुरुस्तीला लागलेल्या एका बोटीवरचा. लोखंडी झाकण निसटून त्याचा उजवा हात चिरडला होता. हॉस्पिटलात मी त्याचा जबाब घेतला. हाताला रशियनमध्ये 'रुका' म्हणतात. तो म्हणत होता 'रूचेन्का'. आपण तापलेल्या लेकराला 'सोनुलं माझं' म्हणतो, तसं. दुखतंय का, तर 'नेम्नोझेच्का', एवढंस्सं. आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आमच्याकडे पहिला मसुदा कॉम्प्युटर करतो, मी तपासून सही करायची. मसुद्यात आलं: लहानसा हात, थोडंसं दुखणं. बोटीच्या कंपनीच्या माणसानं खाली लिहिलं, दुखापत किरकोळ. म्हणजे शुक्रवारी बोट सुटेल तेव्हा निकोलायही तिच्यावर, ऑपरेशन नाही. मी सही करणार नाही म्हटलं. आमचे मॅनेजर मिस्टर लिम तसे वाईट नाहीत, पण वैतागले, आणि इथल्या 'ला' लावलेल्या इंग्रजीत म्हणाले, "शुभांगी, फॅक्ट्स ओन्ली, कॅन? डोन्ट ॲड ड्रामा ला. युवर पास ऑल्सो ड्यू फॉर रिन्यूअल, यू नो."

पासचं नाव काढायला नको होतं. माझं डोकंच फिरलं. जबाब त्या माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा असा आमचा नियम आहे. घाईत तो कोणी पाळत नाही. मी म्हटलं, वाचून दाखवल्याशिवाय मी या खुर्चीवरून उठत नाही. लिमसाहेब तासभर फोनवर बोलले, मी तिथेच बसून होते. शेवटी तेच म्हणाले, चल.

हॉस्पिटलात निकोलायच्या कॉटशेजारी उभी राहून मी तो मसुदा रशियनमध्ये वाचला. कोरडा, जसाच्या तसा. लहान हात. किरकोळ दुखापत. निकोलायनं शेवटपर्यंत ऐकलं. मग बँडेजचं ते गाठोडं डाव्या हातानं उचलून लिमसाहेबांसमोर धरलं आणि रशियनमध्येच म्हणाला, "हे मी बोललो नाही." मला भाषांतर करावं लागलं नाही. लिमसाहेबांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि डॉक्टरांना बोलवायला सांगितलं.

शुक्रवारी बोट गेली, निकोलाय राहिला. ऑपरेशन झालं. त्याची दोन बोटं वाचली नाहीत, तीन वाचली. त्या कंपनीनं आमच्याकडे काम देणं बंद केलं, आणि मला सध्या जबाबांऐवजी मशिनींच्या माहितीपुस्तिकांवर बसवलंय. पासचं उत्तर अजून आलेलं नाही.

आई, तू फोनवर विचारतेस, कशाला परक्या गावात भांडणं ओढवून घेतेस? परक्या गावात माणूस भांडत नाही गं, मुकाट्यानं खालमानेनं राहतो. मी तशी राहिले होते पहिली तीन वर्षं. पासचं उत्तर काहीही येवो, नकार आला तर मी पुन्हा अर्ज करेन, पुन्हा भांडेन. ज्या गावात एका माणसाच्या हातासाठी मी खुर्ची धरून बसले, ते माझं गाव आहे. इथे मला कोणी पाहुणी म्हणायचं नाही. आणि मिरजेला आले की तिथेही नाही.