आत्याचा दुसरा ब्राउझर

शेवटचे सव्वीस दिवस आत्याचं तोंड मी बंद करून ठेवलं होतं.

मुद्दाम नाही. पण केलं मीच.

आज तिला जाऊन वर्ष झालं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बाबांनाही नाही. आज सांगतो.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. कुहीच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, रोज सक्करदऱ्याच्या आमच्या घरून बसनं जाऊन-येऊन. रिटायर झाली आणि माझ्या आई-बाबांसोबत घरीच रमली.

मग कॅन्सर निघाला.

घरात ती एकदम टणटणीत. "मले काय धाड भरली?" म्हणायची आणि विषय बदलायची.

पण दुपारी सगळे झोपले की हॉलमधल्या कॉम्प्युटरवर बसायची. तिच्यासारखाच आजार असलेल्या बायकांचा एक ग्रुप होता. तिथे ती खरं बोलायची.

कॉम्प्युटर एकच, ब्राउझरही एकच.

एक दिवस बाबा क्रिकेटचा स्कोर बघायला बसले. दोन अक्षरं टाइप केली आणि खाली आपोआप आत्याचा जुना शोध आला: 'केमो थांबवली तर किती दिवस'.

बाबा उठून अंगणात गेले. तासभर आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला आत्याचा फोन.

"मले दुसरा ब्राउझर टाकून दे गा. माह्यापुरता. मी काय वाचून राहिली ते तुह्या बाबाले दिसलं नाही पाहिजे."

"होऊन जाईल."

"अन् पासवर्ड त्या ब्राउझरनंच लक्षात ठेवला पाहिजे. माही बोटं बधिर झाली. तो ओटीपी येते अन् मी एकेक आकडा दाबेपर्यंत टाइम संपून जाते."

"हो वं आत्या. काहून टेन्शन घेऊन राहिली?"

दोन गोष्टी सांगितल्या होत्या तिनं. मी पडलो आयटीवाला. मला पहिलीच ऐकू आली.

तीन दिवस ब्राउझर तपासले. कोणता जाहिरातवाल्यांना अडवतो, कोणता मागावर राहणाऱ्यांना थांबवतो, कोणता काय साठवतो. स्वतःचा लॅपटॉप घेतानाही इतकं पाहिलं नव्हतं.

सगळ्यात कडक होता तो निवडला.

मी राहतो मनीषनगरला, स्कूटरनं अर्धा तासही लागत नाही. रविवारी जाऊन टाकून दिला. ग्रुपवर लॉगिन करून दिलं. जुन्या ब्राउझरमधून तिचं सगळं पुसून टाकलं.

वर फुशारकी मारली, "आत्या, हा बंद केला की काहीच शिल्लक नाही ठेवत."

ती इतकी खूश झाली! सांबारवडी खाऊ घातली, वर डबाही भरून दिला.

संध्याकाळी तिनं तो बंद केला. आणि त्यानं खरंच काही शिल्लक ठेवलं नाही. तिचं लॉगिनही नाही.

मंगळवारी फोन आला. "तो मले ओळखूनच नाही राहिला गा."

"सेटिंग असेल काहीतरी. रविवारी येतो."

त्या रविवारी आमच्याकडे पाहुणे. पुढच्या रविवारी ऑफिसचं काम. तिनं परत विचारलं तेव्हा मी वैतागून म्हणालो, "अगं, बाबांना सांग ना ओटीपी टाकून द्यायला!"



"राहू दे. तुह्या सवडीनं ये."

कुणापासून लपवायचं होतं, तेच मी विसरलो होतो.

त्यानंतर तिनं ब्राउझरचं नाव काढलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. हो, बरं वाटलं. आता लिहितानाही लाज वाटते.

तिसऱ्या रविवारीही मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आत्या गेली.

तेरवीच्या दिवशी पंगत बसली होती तेव्हा मी हॉलमध्ये तो ब्राउझर उघडला. सेटिंगमध्ये एक यादी असते, कोणत्या साइटचं लॉगिन पुसायचं नाही त्याची. त्यात ग्रुपचा पत्ता टाकला.

दोन मिनिटं लागली.

तिच्या साध्या बटनांच्या फोनवर ओटीपी मागवून आत गेलो. तिचं काही वाचायचा मला हक्क नव्हता. त्या बायकांना कळवायला म्हणून गेलो, आणि वाचत बसलो.

"ताई, कुठे आहात?"

"ताई, आमचं काही चुकलं का?"

"रोज वाट बघतो ताई. एक शब्द तरी टाका."

या सगळ्यांच्या वर आत्याचा शेवटचा मेसेज होता. त्याच रविवारच्या दुपारचा, मी डबा घेऊन निघाल्यानंतरचा.

"आज माझ्या भाच्याने मला माझी स्वतःची खोली बांधून दिली. आता भीती वाटली तर वाटली म्हणता येईल. उद्यापासून सगळं सांगते."

मी खाली लिहिलं, "मी तो भाचा. ताई गेल्या. त्या तुमच्यावर रागावल्या नव्हत्या. त्यांचं लॉगिन माझ्यामुळे गेलं होतं."

एकीचं लगेच उत्तर आलं, "त्या तुमचं फार कौतुक करायच्या."

मी तसाच बसून रडलो. आईला वाटलं, आत्याच्या आठवणीनं.

हे तिच्याच खुर्चीत बसून लिहितोय. ब्राउझर आता तिला बरोबर ओळखतो. उघडला की वर तिचं नाव येतं.

आत्या, श्रद्धांजली वाहायचं तोंड नाही मला.

आज रविवार नाही. तरी आलो.

माफ कर वं.